डोंगरकड्याचं उतरवलेलं गेट

"तोंड भिताडाकडं कर."

मालक मला म्हणला. डोंगरकडा गावात त्याचा नवा बंगला. गेट मी आन् माझ्या नवऱ्यानं बनवलेलं, त्याच सकाळी बसवलेलं. कुलूपबी मीच बसवलं होतं. ते त्यानं काढायला लावलं आन् दुसरं मागवलं.

"काहून?" मी इचारलं.

"तांड्यावरची माणसं तुमी. एखादी चावी करून ठेवली असंल. नवं कुलूप बघायचं न्हाई."

वास्तुशांतीचे पाहुणे मंडपात बसलेले. कोणीतरी फिदीफिदी हसलं. आन् मी फिरले. खरं सांगते, फिरले. नवराबी फिरला. मागं मालकाचा मेहुणा नवं कुलूप बसवून राहिला, चावी फिरवून बघून राहिला. आमचे आजे-पणजे बैलांवर लादून लोकांचं धान्य, मीठ मुलुखभर पोचवायचे. गोणीतला दाणा हलायचा न्हाई. त्यांची नात चोर! अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात मालकीण हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. गेटाची पूजा करायची होती. म्हणली, "आधी ह्यांना पिशवी झाडायला सांगा."

तितंच माझं डोकं सटकलं. पिशवी उचलली, तिच्या पायापाशी उपडी केली. पान्हा, पकड, छिन्नी, भाकरीचं फडकं.

"बघा बाई. बराबर बघून घ्या."

मग नवऱ्याला म्हणलं, "धर खालून."

गेट बिजागरीच्या खुंटीवर नुसतं अडकवलेलं असतंय. कोणी उचलून नेऊ नये म्हणून पूजा झाल्यावर वरून वेल्डिंगचा एक टाका मारतात. तो राहिला होता. मालकाचं नवं कुलूप काढून पायरीवर ठेवलं, गेट उचललं आन् टेम्पोत टाकलं.

मालक वरडला, "लमाण्यांनो, माज आला का?"

"व्हय, आला."

गेटासाठी घेतलेला इसार दुसऱ्याच दिवशी परत धाडला.

वारंगा फाट्यावर आमचं दुकान हाये. इथल्या वेल्डिंगवाल्यांची रीत हाये, एकानं उतरवलेल्या दाराला दुसरा हात लावत न्हाई, पहिला 'लाव' म्हणेपर्यंत. मालक दुकानं हिंडला. समद्यांनी माझ्याकडंच बोट दाखवलं. तवर गावची ढोरं त्याची बाग चरून गेली. ऐकून मला काय गोड वाटलं म्हणून सांगू!

शेवटी आला. "झालं गेलं सोड, बाई. गेट लाव."

मीबी अरे-तुरेवर आले. "इथं फाट्यावर उभा ऱ्हा. चारचौघांत म्हण, ह्या बाईला मी खोटंच चोर ठरवलं. मोठ्यानं म्हण."

तो गाडीत बसला आन् निघून गेला.

जाऊ दे त्याला. कुठूनबी वेल्डिंगवाला आणू दे, त्या माणसाला गाठून मी समदं सांगणार. मोठ्यानं म्हणल्याबिगर त्याच्या दाराला गेट लागणार न्हाई. मी जित्ती हाये तवर तर न्हाईच.