खुंटी

आज शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी पंपात रबरी चकत्या बसवता बसवता खळखळून हसली. "काकू, काल आमच्याकडे काय गंमत झाली माहितीये?" हात मात्र चालूच.

चकती उलटी बसली की पंप गळतो. वीस वर्षं माझ्या हातून एकही उलटी गेली नाही. साहेब इतरांना सांगायचे, "काकूंचे हात बघा." गेल्या आठवड्यात चकती ठेवायच्या ठोकळ्यावर पेराएवढी खुंटी आली. आता उलटी चकती बसतच नाही, कुणाच्याही हातून. साहेब खुंटीचं कौतुक करतात आणि माझा नुसता जळफळाट होतो. लोखंडाच्या एवढ्याशा तुकड्यावर!

तेही सोसलं असतं. पण हे हसणं सोसवेना. चकतीवरची नजर ढळेल म्हणून वीस वर्षांत मी या टेबलाशी एकदाही हसले नव्हते.