शिरीषाचा खुंट

फाइल कुठलीही असो, ती कोणत्या टेबलावर जायची हे गुलाबराव मेश्रामांना नोकरीत कधी विचारावं लागलं नाही. पण आज सकाळी दिल्लीत, द्वारकेतल्या सोसायटीच्या मागच्या गेटापाशी पाण्याची बादली घेऊन ते उभे होते, आणि आपण नेमके कोणाच्या बाजूचे हे त्यांनाच कळेना.

उन्हाळ्यातल्या वादळात पडलेल्या शिरीषाचा वाळलेला खुंट गार्ड रामसनेही थंडीत कुऱ्हाडीने फोडायला निघाला, तेव्हा यांनीच त्याला अडवलं होतं. मुळांची माती झटक आणि अख्खाच पेटव, आठवडाभर धुमसत राहील, असं हिंदीत समजावलं. भंडाऱ्याकडच्या खेड्यात वडील असंच करायचे. मग रोज सकाळी तेही तिथे शेकायला बसू लागले.

काल कमिटीने ठराव केला: प्रदूषण वाढलंय, शेकोटी बंद, गार्डला हीटर मिळेल. खाली सही सेक्रेटरींची, म्हणजे गुलाबरावांचीच.

त्यांनी बादली ओतली. खुंट फुसफुसला, काळा पडला आणि पाच मिनिटांत मुळांच्या बेचक्यातून पुन्हा लाल दिसू लागला. दुसरी बादली झाली, तिसरी झाली.

"बाबूजी, ये बुझता कैसे है?" रामसनेहीने विचारलं.

गुलाबराव आठवू लागले. वडिलांनी पेटवायला शिकवलं होतं. विझवायची वेळ गावात कधी कोणावर आलीच नव्हती.

हीटर अजून आला नव्हता. त्यांनी रिकामी बादली उपडी घातली आणि तिच्यावर शेकायला बसले.