आखजीचं पाणी

आज सकाळी दार उघडलं तो कडुनिंबाच्या मोहराचा वास थेट माजघरापर्यंत आला. गोडसर, किंचित कडवट, डोक्यात रेंगाळणारा. चैत्र सरत आला की अमरावतीत हा वास गल्लोगल्ली भरून राहतो आणि माझ्यासारखी म्हातारी हातातलं काम टाकून उंबऱ्यावर येऊन बसते. उन्हाळ्याची वाट पाहणारी बाई म्हणून घरातली पोरंसोरं मला हसतात. हसोत बापडी. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा याच उन्हाळ्याला उठता-बसता शिव्या घालत होते.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली म्हणे, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचं मोल आलं. आगगाडी अजून वऱ्हाडात यायची होती. कापसाच्या गाड्यांच्या रांगा अकोल्याच्या वाटेने समुद्राकडे निघत आणि उलट वाटेने मुलूखमुलखाची माणसं येत. तशीच आम्ही दोघं कोकणातून आलो. यजमान एका पेढीवर कारकून म्हणून, मी त्यांच्या मागोमाग. पेठेत कान दिला की एकाच ऋतूची नाना गाऱ्हाणी ऐकू येत. मारवाडातला व्यापारी म्हणे, वाळूचं वादळ नाही तर हा कसला उन्हाळा. घाटमाथ्यावरचा गाडीवान पहाटे अंगावर घोंगडी लागत नाही म्हणून हळहळे. पुण्याकडचे लोक संध्याकाळी वळीव कसा येत नाही म्हणून आभाळाकडे रागाने बघत. मला खारा वारा हवा होता. प्रत्येकाने आपापलं हवामान गाठोड्यात बांधून आणलं होतं आणि इथे ते कुणाच्याच उपयोगी पडत नव्हतं.

उकडलं की दारं-खिडक्या सताड उघडायच्या, हे मी कोकणातून शिकून आलेली. इथेही भर दुपारी तेच केलं. झळ आत शिरली ती रात्रीपर्यंत बाहेर निघेना. मग मडक्याची गंमत. आमच्याकडे आडाचं पाणी तांब्याच्या घागरीत भरायचं, ते मुळातच गार. इथलं कोरं मडकं बाहेरून ओलं झालेलं पाहिलं आणि मला वाटलं, कुंभाराने गळकं गळ्यात मारलं. मी त्याला बाहेरून तेल-चुना चोपडला. ओल थांबली, आणि पाणी चुलीवरून उतरवल्यासारखं राहू लागलं. शेजारी एक शेतकरीण राहत होती, वलगावाकडे त्यांचं काळं वावर होतं. मी तिला मावशी म्हणे. तिने ते मडकं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसली.

“कावून वं बाई, मडक्याचा घाम कावून बंद केला? घामच नाई आला त पानी गार कसं व्हईन?”

मला काही हसू आलं नाही. “मी आता जातेच आहे, मावशी,” मी म्हटलं. “आखजी झाली की गाड्या निघतील, त्यांच्याबरोबर कोकणात. परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघेन.”

जाण्याचं खरं कारण ऊन नव्हतं, तेही मग सांगून टाकलं. थंडीत माझी आई गेली होती. सांगावा इथे पोचला तेव्हा तिचे दिवससुद्धा उरकले होते. शेवटी पाणी पाणी करत होती, असं सांगावा आणणारा गाडीवान सहज बोलून गेला, आणि ते काही केल्या विसरता येईना. भावंडांत मी एकटीच लेक, आणि तिच्या तोंडात माझ्या हातचा थेंबही पडला नव्हता. आमच्या आडापाशी जाऊन तिच्या नावाने एक ओंजळ सोडावी, एवढंच मनात होतं.  मावशी माझा हात धरून बसून राहिली.

आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वऱ्हाडात गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची कोरी घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. त्यांची तहान भागल्यावाचून घरातलं कुणी त्या घागरीचं पाणी पीत नाही. त्या सकाळी मावशी आमच्या दारात आली. काखेत घागर होती.

“तुह्या मायच्या नावानं भर.”

मी गोंधळले. लेकीने माहेरच्या माणसासाठी पाणी भरायचं, हे आमच्यात कुठे चालतं? “माझं गोत्र आता निराळं, मावशी. यांना विचारायला हवं.”

“इचार. पन तहान काय गोत पाहून लागते? तुही माय इतक्या दुरून उनातानाची चालत आली असन. तिले दारात उभं नको ठेऊ.”

यजमान आतून ऐकत होते. ते बाहेर आले, विहिरीवर गेले आणि स्वतः पाणी शेंदून घेऊन आले. मी घागर भरली, आईचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं. खूप रडले, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखी रडले. गाड्या निघायच्या दिवशी माझं बोचकं बांधून तयार होतं. ते मी सोडलं आणि लुगडी पुन्हा खुंटीवर टाकली.

पुढे आगगाडी आली, कापसाची ती नवलाई ओसरली, मावशीही गेली. मी एकदा ऐन वैशाखात माहेरी जाऊन आले. भावाने लाड केले, भावजयीने फणस कापला, खारा वारा तसाच होता. अंग मात्र चिकचिकत होतं आणि “आमच्या वऱ्हाडात असं होत नाही” हे माझंच वाक्य ऐकून मी चपापले. आडाच्या काठावर बराच वेळ बसले, आईची आठवण येईल म्हणून. आली, पण ती तिथली वाटेना. आई त्या आखजीला चालत माझ्याकडे आली होती, आणि मग कोकणात परत गेलीच नव्हती.