फ्रॉम नाही, बाय

मी डूख धरणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळू दे बापडं. आमच्याकडे सावित्री नदी आहे, ती पुराच्या वेळी सगळं परत घरात आणून टाकते.

महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्याच्या गेटवर मी वॉचमन आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही, पोट तिथंच आहे. दीप्ती पोलादपूरकडच्या बौद्धवाडीतली, घराण्यातली पहिली बीकॉम. एक्स्पोर्ट खात्यात बसून परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहायची. टेबलावर तिच्या नावाची पाटी होती. तिची आई येसूबाई एकदा मुद्दाम ती पाटी बघायला आली होती आणि तिच्यावरून हात फिरवून गेली होती.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात दुरुस्तीसाठी प्लांट वीस तारखेपर्यंत बंद ठेवायचं ठरलं. दीप्तीने गिऱ्हाइकाला कळवलं, ‘द प्लांट विल बी क्लोज्ड बाय ट्वेंटिएथ मे.’ आपल्या मराठीत ‘पर्यंत’ एकच. इंग्रजांनी त्याचे दोन तुकडे करून ठेवलेत. ‘टिल’ लिहिलं असतं तर वीसपर्यंत बंद, पुढे चालू. ‘बाय’ लिहिल्यावर अर्थ झाला, वीस तारखेच्या आत कारखान्याला कुलूप लागणार. गिऱ्हाईक घाबरलं आणि त्याने ऑर्डर दुसरीकडे दिली.

ती मेल जाण्याआधी खात्याच्या विनोदसाहेबांनी वाचली होती. मी गेटचं रजिस्टर सहीला घेऊन तिथंच उभा होतो. ‘ओके, पाठव,’ असं ते म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. पण मुंबईच्या हेड ऑफिसने जाब विचारल्यावर साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं, मेल मोठ्याने वाचली आणि ‘वाडीवरचं इंग्रजी’ म्हणून हसले. मग सगळेच हसले. दीप्तीच्या फाइलला मेमो लागला, ‘द मिस्टेक वॉज मेड बाय मिस दीप्ती.’ तो फाइलमध्ये असेपर्यंत तिला ऑफिसात घ्यायचं नाही, असं ठरलं. ती माझ्या केबिनमध्ये स्टुलावर आली, ट्रकचे नंबर लिहायला.

‘मी हाय ना साक्षीला. सांगू काय वर?’ मी विचारलं.

‘नको, भैरूकाका. तुमचीही नोकरी जाईल,’ ती म्हणाली. ‘मला त्यांच्याच हातचं लिहून हवंय.’

त्या दिवशी मला ही पोरगी आवडली.

पुढच्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर पुस्तकांचे स्टॉल लागले, तिथून तिने इंग्रजी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. दोन ट्रकांच्या मध्ये वाचायची. पुस्तकातल्या नियमांवर तिचा भरवसा नव्हता, ती स्वतःच्या खुणा शोधायची. ‘पर्यंत’ आलं की विचारायची, गोष्ट तोवर चालूच राहणार की त्याआधी एकदाच उरकणार? चालू राहणार तर टिल, उरकणार तर बाय. बसला ऑन, रिक्षाला इन. का? तर ज्यात उभं राहून चार पावलं चालता येतं ते ऑन, ज्यात वाकून शिरायचं ते इन. ड्रायव्हर लोक बिल्टीची, म्हणजे मालाच्या पावतीची, वाट बघत हे ऐकायचे. पुढे वाडीत तिची रविवारची शिकवणी सुरू झाली आणि तिचं नाव महाडपर्यंत पोचलं. हे पोचलेलं ‘पर्यंत’ टिलही नाही आणि बायही नाही, असं ती म्हणते. मी तो नाद सोडला.

यंदा विनोदसाहेबांना दुबईच्या ऑफिसातली मोठी जागा दिसू लागली. मुलाखत इंग्रजीत, महिन्याभराने. साहेबांची गाडी नेमकी या इन-ऑन-बायमध्येच रुतायची. महाडच्या क्लासला जावं तर तिथे त्यांच्याच हाताखालची पोरं. शेवटी दीप्तीला आधी गुपचूप विचारून एका रविवारी दुपारी ते हायवेला गाडी लावून वाडीत चालत आले. मी तिथं होतो. दीप्तीनेच मला बोलावून ठेवलं होतं.

‘सायेब आलं गो, दीप्ते. पानी देऊ काय?’ येसूबाई म्हणाली. तिला आनंदच झाला होता. मी पाणीसुद्धा दिलं नसतं.

दीप्तीने तासभर मनापासून शिकवलं. मग वही त्यांच्यापुढे सरकवली.

‘आता एक भाषांतर करा, साहेब. ती मेल मी वाचून मंजूर केली होती. चूक माझ्याकडून झाली. खाली नाव, सही, तारीख.’

साहेबांचं पेन थांबलं. ‘हे कुठे जाणार?’

‘फाइलमध्ये. माझी फी एवढीच. लिहिलंत तर पुढचे तीन रविवार शिकवते.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘लिवा, सायेब,’ मी म्हणालो. ‘मी तवा तिथंच व्हतो. माज्या कानानं आयकलंय.’

महिन्यात आपण दुबईला असू, असा हिशेब त्यांनी केला असावा. त्यांनी लिहिलं. पहिलं वाक्य जमलं. दुसरं लिहिलं, ‘मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम मी.’

दीप्तीने त्यावर लाल रेघ मारली. ‘फ्रॉम नाही, साहेब, बाय. माझ्याकडून झाली म्हटलं की चूक आपली आपण झाल्यासारखी वाटते. इंग्रजीत ती करणाऱ्याचं नाव सांगावं लागतं. माझ्या मेमोत तुम्हाला ते बरोबर जमलं होतं.’

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी खाली लिहिलं, ‘द मिस्टेक वॉज मेड बाय मी.’ तिने तेच पाच वेळा लिहून घेतलं. मी असतो तर शंभर वेळा घेतलं असतं.

सोमवारी पोलादपूरच्या पोस्टातून तो कागद फाइलला लावण्यासाठी रजिस्टरने हेड ऑफिसला गेला. तिने शब्द पाळला, पुढचे तीनही रविवार शिकवलं, तेही झकास. पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी हेड ऑफिसचं पत्र आलं. दीप्तीचा मेमो रद्द, तिने ऑफिसात परत यावं. साहेबांची दुबई रद्द, त्यांनी आहे तिथेच राहावं. मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात तासभर डुंबून आलो.

ती टेबलावर परतली त्या दिवशी मी मुद्दाम रजिस्टर घेऊन आत गेलो. सगळं खातं माना खाली घालून काम करत होतं. विनोदसाहेब उठून तिच्या टेबलाशी आले. आवाज खाली आला होता. माणूस खरोखरच खचला होता, एवढं मीही कबूल करतो. सगळ्यांदेखत त्यांनी इंग्रजीत विचारलं, ‘दीप्ती, आर यू स्टिल अँग्री ऑन मी?’

दीप्तीने मान वर केली.

‘ऑन नाही, साहेब. अँग्री विथ,’ ती म्हणाली. ‘आणि हो, आहे.’