पंख्याजवळची खुर्ची

अमळनेरच्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी गावातल्या एखाद्या प्रश्नावर चर्चा होते. सगळ्या मोहल्ल्यांतली माणसं येतात, म्हणून वादही जोरात होतात. ग्रंथपाल स्वतः फारसं बोलत नाहीत. ते पंख्याच्या बटणाजवळ खुर्ची टाकून बसतात. कोणी ओरडलं की पंखा बंद करतात, आवाज उतरला की सुरू. आमच्या खानदेशातल्या मे महिन्यात पंख्याशिवाय कोण किती वेळ भांडणार?

मी खेड्यातून इथे राहायला आले, तेव्हा पहिल्यांदाच तिथे गेले. आठवडे बाजार हलवायचा की नाही, यावर बोलणं चाललं होतं. मी उठून म्हणाले, "आमना गावमा बठ्ठा मिळीसन ठरावतस."

गावात सगळे मिळून ठरवतात, एवढंच म्हटलं होतं; पण माझी अहिराणी ऐकून मागे दोघंतिघं हसले. मी खाली बसले.

पंखा थांबला.

"आता कोण ओरडलं?" एकाने घाम पुसत विचारलं.

"कोणीच नाही," ग्रंथपाल म्हणाले. "अक्का, तुमचं राहिलंय. बोला."

मी पुन्हा उभी राहिले आणि अहिराणीतच बोलू लागले, तेव्हा कुठे वारा आला. तो अजून अंगावर आहे.

हल्ली ते रजेवर असले की त्या खुर्चीवर मी बसते.