साडूंचं अर्ली डिसिजन

माझ्या साडूंइतका घायकुता माणूस अख्ख्या सिंगापुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्याशी माझं नातं नाही, हे माझं नशीब. जहाजावर चीफ इंजिनिअर. सुट्टीवर बेडोकच्या घरी आले तरी यांचं इंजिन सुरूच. दुपारी एकला आम्हाला हॉकर सेंटरमध्ये जेवायला बोलावतील आणि स्वतः अकरापासून टेबल अडवायला त्यावर टिश्यूची पाकिटं ठेवून पहारा देतील. पुंगोलला आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तर आदल्या दिवशीच हजर! "रस्ता बघून ठेवला," म्हणाले, आणि पूजेची दोन केळी खाऊन गेले.

अशा माणसाला अमेरिकन कॉलेजांच्या 'अर्ली डिसिजन'चा पत्ता लागला आणि आमच्या डोक्याला ताप झाला. एकाच कॉलेजला सगळ्यांच्या आधी अर्ज करायचा आणि घेतलंत तर तिथेच येईन, असं आईबापांच्या सहीनिशी लिहून द्यायचं. यांची सई शाळेच्या शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटर सायन्सनं झपाटलेली. त्यात यांनी कुठूनसं ऐकलं की या विषयाला मुली कमी येतात, म्हणून कॉलेजं त्यांना पटकन घेतात. झालं! गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत जो भेटेल त्याला धरून एकच पालुपद: "मुलगी, त्यात कॉम्प्युटर, त्यात अर्ली! सीट खिशात." गप्प बसावं म्हणून मी त्यांना दोनदा चिमटा काढला. व्यर्थ! सई शेजारीच उभी होती.

"काका," ती मला नंतर म्हणाली, "आय मेड समथिंग, यू नो. ते कोणी बघणार की नाही?" तिनं केलं होतं ते मी पाहिलं होतं. बाबा समुद्रावर असले की त्यांचं जहाज कुठे आहे ते शोधून आईच्या फोनवर मराठीत कळवणारा प्रोग्रॅम. अर्जातही तिनं त्याबद्दलच लिहिलं होतं. साडूंनी अर्जावर सही केली, वाचला मात्र नाही. मला त्यांचा इतका राग आला की पंधरा दिवस मी फोन उचलला नाही.

डिसेंबरात तिला प्रवेश मिळाला. पेढे वाटताना तिच्या वर्गातला, नकार आलेला एक मुलगा म्हणाला, "गर्ल मा, शुअर गेट इन लाह." म्हणजे, मुलगीच ना, मिळणारच. साडू कडाडले, "काय बोलतोस? मेहनत केलीय तिनं!"

"बाबा," सई म्हणाली, "तो तुमचंच बोलतोय."

'घ्या आता!' असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिचा चेहरा बघून गिळलं.

ती अमेरिकेला गेल्यावर एका रविवारी साडू माझ्याकडे आले. "तो प्रोग्रॅम समजावून सांगा," म्हणाले. सईनं मला पाठवलेला होताच, मी स्क्रीनवर उघडून दिला. इंग्रजी चिन्हांवरून त्यांचं बोट नुसतंच फिरत होतं, ते एका मराठी ओळीवर थांबलं: 'आज बाबा कोलंबोच्या पुढे. समुद्र शांत. आई, जेवून घे.' त्यांनी चष्मा काढला. वर्षभर ज्या माणसावर चिडलो, त्याची मला दया आली.

"सईला सांगा, वाचलं म्हणून," मी म्हणालो. त्यांनी तिथूनच फोन लावला. बोलून झाल्यावर चष्मा पुसून पुन्हा घातला.

"काय म्हणाली?"

"थँक यू म्हणाली. आणि तिथंही वर्गात पहिल्याच दिवशी कोणीतरी तेच म्हणालं, म्हणे: मुलगी, म्हणून सीट."