शुक्रवारी लाईट गेल्यावर चाललेला पिक्चर

या रे पोरांनो, जरा जवळ सरका. असे अनुभव आवडीने वाचता आणि खाली लगेच लिहिता, "फेकाफेकी आहे." असं करतात का? आधी ऐकून तर घ्या!

माझा स्वतःचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. कोणी अंगात आलं म्हटलं, की मला हसू यायचं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. अंबरनाथच्या कारखान्यांना लागून मोरिवली आहे ना, तिथे आमची पत्र्याची चाळ. माझी धाकटी जाऊ विमल शेजारच्याच खोलीत. तिची चार वर्षांची पिंकी तापाने गेली आणि त्या दिवसापासून विमल बोलेचना... सात महिने! भाकऱ्या थापायची, पाणी भरायची, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही. शेवटी माझे दीर तिला कायमची माहेरी पोचवायची भाषा करू लागले. माझा जीव तुटायचा हो.

अशात चाळीने मिळून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. दिवस ठरला शुक्रवार — आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारची. आणि शुक्रवारीच दुपारी लाईट बंद असते, हे एकालाही आठवलं नाही! उल्हासनगरचा लछुभाई रिक्षातून सगळं घेऊन आला. कॅसेट मात्र भुताची.

"देवाची कॅसेट मागितली होती ना?" मी म्हटलं.

"ताई, देव सगळे बाहेर गेले. हाच राहिला. एक नंबर आहे!"

हिंदी पिक्चर. धुक्यातलं घर, एकटी बाई, आणि घरात कोणीतरी वावरतंय... दिसत मात्र नाही. शेजारच्या शेवंताकाकू वैतागल्या, "तासभर नुसतं धुकं! भूत काय जेवायला गेलंय?" असं म्हणत माझा हात मात्र गच्च धरलेला. विमल मागे दाराशी बसली होती.

आणि पंखा थांबला. लाईट गेली! टीव्ही मात्र चालूच...

धुक्यातलं दार उघडलं. उंबऱ्यात एक लहान मुलगी, पाठमोरी. चक्क मराठीत म्हणाली, "आई, मी खेळायला जाऊ?"

मागून आवाज आला, "जा गं राणी. सांभाळून जा."

विमलचा आवाज! आणि तेव्हाच पडदा काळा झाला.

ओट्यावरून लछुभाई ओरडला, "ताई, मीटर तो बंद आहे! मशीन कशी चालली?" तिकडे कोणाचं लक्ष होतं? विमल माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडत होती. मग म्हणाली, "वहिनी, पाणी द्या." दिरांनीच तांब्या आणला. माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी लाईट आल्यावर तीच कॅसेट दोनदा लावली. त्यात ती मुलगी नाहीच!

माझा इंजिनिअर मुलगा म्हणतो, विजेचा एकच फेज गेला असेल, टीव्ही दुसऱ्यावर चालला. "मग मीटर का थांबला? आणि मराठी कोण बोललं, बाबा?" असं मी विचारलं की विषय बदलतो.

विमल पुढे बदलापूरला गेली, वीस वर्षं बालवाडी चालवली तिने. तुम्ही या ना एकदा, उशीर नका करू. तिलाच विचारा. फक्त सबंध दिवस मोकळा ठेवून या, एकदा बोलायला लागली की थांबत नाही ती!